माझ्यामागचे घर

मित्रांनो, लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, किती देखणे जुने घर आहे हे. मला ते ऐकवत नाही. मी घर नाही. मी एका घराची दर्शनी भिंत आहे. माझ्यापुढे सागवानी खांबांची एक पडवी आहे, मध्ये नक्षीचे दार आहे आणि दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. एके काळी या दारातून आत गेले की घर लागायचे. आता लागत नाही. ते घर कसे गेले आणि मी एकटी कशी उरले, ते मला तुम्हांला सांगायचे आहे.

खोर फक्कान हे अमिरातीत, शारजाच्या मुलखातले समुद्रकाठचे गाव. मागे उघडे तपकिरी डोंगर आहेत. त्या डोंगरांतून एक कोरडी नदी खाली येते. अशा नदीला इथे वादी म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात फक्त गोटे असतात, पण डोंगरात पाऊस झाला की ती अचानक भरून वाहते. त्या वादीच्या काठाला खजुराची मोठी बाग होती आणि बागेच्या मधोमध मालकाचे घर होते. मालकाला सगळे अर्बाब म्हणत. त्याच्या गलबतातून इथला खजूर कोकणातल्या बंदरांना जायचा आणि येताना तांदूळ, कौले, लाकूड यायचे. एका फेरीत अर्बाब बाणकोटहून लग्न करून आला. त्याची पहिली बायको लहानगा मुलगा मागे ठेवून वारली होती. नव्या बायकोचे नाव खैरुन्निसा.

तेव्हा घराला पुढून नुसती सपाट भिंत होती. एक बुटके दार आणि उंचावर हवेपुरती भोके. खैरुन्निसाला अरबी येत नव्हते. दिवसभर ती आत बसून असायची. एकदा तिने नवऱ्याला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले, "दाराबाहेर बसायला जागा नाही, ते घर मला घर वाटत नाही."

अर्बाबने जुनी भिंत पाडली आणि मला बांधले. ओहोटीच्या वेळी माणसे समुद्रात उतरून पोवळ्याचा दगड काढत. तो गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात कितीतरी दिवस वाळवून मग वापरला, म्हणजे त्यातले मीठ निघून जाते. दगडांच्या सांध्यांत भाजलेला चुना भरला. खांब कोकणातून आले. खिडक्यांवर चुन्याची नाजूक जाळी बसवली, त्यातून वारा यायचा आणि ऊन मात्र बाहेर राहायचे. पडवी तयार झाली त्या दिवशी खैरुन्निसा माझ्या पायाशी पाय पसरून बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे होती. उन्हाळ्यात खजूर उतरला की माझ्या सावलीत चटयांवर त्याचे ढीग पडायचे. बागेतले गडी इथेच जेवायचे. वाटसरू, खलाशी, डोंगरातून शेळ्या घेऊन येणारे लोक, सगळे पडवीत टेकायचे. अर्बाबचा मुलगा इद्रीस माझ्या उंबऱ्यावर खेळत मोठा झाला. हंगाम संपला की खैरुन्निसा मला चुन्याचा नवा हात द्यायला लावायची. समुद्राची दमट हवा अंगात शिरली तरी चुन्यातून ती बाहेर पडायची आणि मी कोरडी राहायचे.

मग दिवस पालटले. देशात तेल निघाले, रस्ते झाले, बंदरात कंटेनरची जहाजे येऊ लागली. इद्रीस शिकून शारजाला नोकरीला गेला. गावात विहिरींचा उपसा इतका वाढला की बागेतले पाणी खारट झाले. खजुराची झाडे शेंड्याकडून वाळू लागली. अर्बाब वारला. चुना भाजणारी माणसेही गेली, आणि माझ्या भेगांत कुणीतरी सिमेंट भरले. खैरुन्निसा मात्र घरातच राहिली. आता ती म्हातारी झाली होती. संध्याकाळी पडवीत बसून ती मेलेली झाडे बघत बसायची.

नव्वदच्या दशकात एके दिवशी इद्रीस एका माणसाला घेऊन आला. इद्रीस सावत्र आईला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, पण तिच्यावर त्याची माया सख्ख्या मुलासारखी होती.

"खाला," तो म्हणाला, "लोक इथे गोदामे बांधायला जागा मागतात. मी नाही म्हटलं. दुबईची एक कंपनी पाहुण्यांसाठी बागेतलं हॉटेल करणार आहे. घराचं बाहेरचं रूप जसंच्या तसं ठेवायचं, या अटीवरच परवानगी मिळाली आहे. बाबांची आठवण राहील."

"आणि मी?" तिने विचारले.

इद्रीसने बरोबरच्या माणसाकडे पाहिले. तो आर्किटेक्ट होता, उपेंद्र त्याचे नाव. दुबईत करामा भागात राहायचा. खैरुन्निसा बाणकोटची आहे हे कळल्यावर तो मराठीत बोलू लागला.

"आजी, काम चालू असेपर्यंत तुम्ही शारजाला राहा. तुमची मागची खोली मी प्लॅनमध्ये तशीच ठेवली आहे. काम संपलं की तुम्ही परत याल."

कितीतरी वर्षांनी तिच्या कानांवर मराठी पडत होती. मला वाटते, त्या भाषेमुळेच तिने विश्वास ठेवला.

पुढच्या शुक्रवारी उपेंद्र बायकोला आणि मुलीला घेऊन आला. खैरुन्निसाने त्यांना तांदळाच्या भाकरी आणि मासे करून वाढले. मुलगी मिहिका सगळ्याला इंग्रजीतच उत्तरे देत होती आणि म्हातारी हसत होती. निघताना उपेंद्रची बायको सुजाता पडवीत थांबली.

"तू त्यांना परत यायचं वचन दिलंस," ती हळूच म्हणाली. "ते तुझ्या हातात आहे का?"

"प्लॅनमध्ये तसं आहे."

"प्लॅन बदलतात, उपेंद्र. तुझ्याच ऑफिसात रोज बदलतात. घरी येऊन तूच सांगतोस."

तो गाडीची किल्ली बोटांत फिरवत राहिला.

थंडीच्या सुरुवातीला कामगारांची बस आली. त्यांच्यात दोघे मराठी होते. दगडू गवंडी होता, मंडणगडजवळच्या वाडीतला. समाधान सुतार होता, बीडकडचा. खैरुन्निसाचे सामान अजून बांधून व्हायचे होते. तिने दोघांना पडवीत बसवून चहा दिला.

"कुठला रे तू?" तिने दगडूला विचारले.

"मंडणगडचा, आजी."

"म्हणजे आमच्याच बाजूचा. बाणकोटची खाडी पाहिलीस?"

"होडीतनं किती वेळा गेलोय. माझी बायको, ठकुबाई, तिचं माहेर पलीकडं हाय."

म्हातारीने कप खाली ठेवला. "मग मला सांग, ही पडवी तिकडच्यासारखी दिसते का? मी सांगितलं तशी यांनी बांधली, पण यांनी तिकडची पडवी नीट कधी पाहिली होती, कोण जाणे."

दगडूने वर, खाली, खांबांकडे पाहिले. "अशीच असते, आजी. आमच्याकडं जमीन सारवलेली असते, एवढाच फरक."

ती गेली त्या दिवशी दगडूने तिची ट्रंक गाडीत ठेवली. गाडीत बसण्याआधी तिने माझ्यावर तळहात टेकला. "नीट जप रे," ती म्हणाली. मला जप म्हणाली की घराला, ते मला समजले नाही.

उपेंद्रने मला वाचवण्याची रीत नीट आखली होती. घराच्या आडव्या भिंतींनीच मला धरून ठेवले होते. मागे काही काढायचे झाले, तर आधी मला लोखंडी सांगाड्याने बांधून घ्यायचे आणि मगच तिकडे हात लावायचा, असे ठरले होते. पण कंपनीने मागच्या खोल्या नकोतच असे ठरवले. परवानगीत बाहेरच्या रूपाचीच अट होती आणि बाहेरचे रूप म्हणजे मी. आत कोण राहत होते, कुणाला कुठली खोली देऊ केली होती, याची अट कुठेच नव्हती. हॉटेल पर्यटकांच्या हंगामात उघडायचे होते. लोखंडी सांगाडा यायला उशीर होत होता. एका सकाळी यंत्र आले आणि माझ्यामागे घर पडू लागले.

मी वळून पाहू शकत नाही. मला फक्त ऐकू येत होते. आधी स्वयंपाकघर गेले. मग माळ्याचे वासे मोडले. शेवटी खैरुन्निसाची खोली गेली. तिची थेट माझ्यापर्यंत आलेली भिंत सुटली तेव्हा माझ्या डाव्या टोकाला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

उपेंद्र दुपारी पोहोचला तेव्हा माझ्यामागे नुसता ढिगारा होता आणि मला पुढून चार लाकडी टेकू दिलेले होते.

"तय हुआ था, लोहे का फ्रेम लगे बिना पीछे हाथ नहीं लगाना," तो साइट मॅनेजरला म्हणाला.

"ऊपर से फोन आया," मॅनेजर म्हणाला. "फ्रेम रास्ते में है. आ जायेगा, इन्शाल्ला."

उपेंद्र गाडीत बसून कुणाशी तरी मोबाइलवर बोलला. काचेतून मला त्याचा हात दिसत होता. आधी तो हात वरखाली होत होता, मग मांडीवर पडून राहिला. त्याचा व्हिसा त्याच कंपनीकडे होता आणि मिहिकाची शाळा दुबईत होती. तो बाहेर आला आणि दगडू-समाधानला जवळ बोलावले.

"डाव्या टोकाला कुणी जायचं नाही. फ्रेम बसेपर्यंत तिकडे हातच लावू नका."

"बरं साहेब," दगडू म्हणाला.

उपेंद्र दुबईला परत गेला.

नंतर डोंगरात पाऊस झाला. इथे थोडेच थेंब पडले, पण वादी भरली आणि गढूळ पाणी बागेत शिरले. ते माझ्या पायाशी येऊन साचले. माझा पाया चुन्याचा आणि मातीचा होता, तो भिजत गेला. पाणी बघून मॅनेजर धावत आला. डाव्या खिडकीची नक्षीची चौकट सागवानी होती. ती खराब झाली तर अट मोडली जाईल, याची त्याला धास्ती होती.

"वो खिडकी निकालो," तो म्हणाला. "ओरिजिनल है. उसको कुछ नहीं होना चाहिए."

दगडू जागेवरच उभा राहिला. "साहब, इंजिनिअर साहब मना करके गये हैं. उधर नहीं जाने का."

"इंजिनिअर दुबई में है. यल्ला, जल्दी. नहीं तो कल से दोनों घर जाओ."

समाधान म्हणाला, "दगडूभाऊ, नको."

दगडूने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "चल, पटकन काढू. तू चौकट धर, मी वरचा भार सांभाळतो."

दोघांनी चौकट हळूहळू सोडवली. समाधान ती खांद्यावर घेऊन पडवीतून उतरला. दगडूने त्याच्या मागोमाग यायला हवे होते. पण चौकट निघाल्यावर वरचे दगड उघडे पडले होते. त्यांना खालून फळीचा टेकू द्यायला तो वळला. फळी उभी करताना तो माझ्या अगदी जवळ होता. त्याचा श्वास मला लागत होता.

मित्रांनो, भिंतीला स्वतःला सावरता येत नाही. पाया एका बाजूने खचला आणि माझे डावे टोक त्याच्यावर कोसळले.

समाधानने चौकट टाकली आणि दगड हातांनी उपसू लागला. बाकीचे कामगार धावत आले. पठाण, बंगाली, मल्याळी, सगळे जण आपापल्या भाषेत ओरडत दगड बाजूला करत होते. त्यांनी दगडूला बाहेर काढले तेव्हा तो गेलेला होता. समाधान त्याचे डोके मांडीवर घेऊन चिखलात बसून राहिला. अॅम्ब्युलन्स आली तरी तो सोडत नव्हता. चौकट पाण्याच्या कडेला पडली होती. तिला साधा ओरखडाही आला नव्हता.

चौकशी झाली. मॅनेजर बदलला. दगडूला विमानाने गावी पाठवले. समाधान बरोबर जाऊ शकला नाही, त्याचा पासपोर्ट कंपनीत होता. अपघाताच्या रात्रीच त्याने दगडूच्या गावच्या सरपंचाकडे फोन करून ठकुबाईला बोलावून घेतले होते, पण ती फोनवर आल्यावर तो तब्येतपाण्याचेच विचारत राहिला. शेवटी तिनेच विचारले, "त्यांना लई लागलं का?"

मग लोखंडी सांगाडा आला. माझे पडलेले दगड पुन्हा रचले, पण या वेळी सिमेंटमध्ये. सगळ्या अंगावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर जुन्या चुन्यासारखा दिसणारा रंग दिला. चौकट आपल्या जागी बसली. मेलेली खजुराची झाडे काढून दुसरीकडची मोठी झाडे आणून लावली. मला बघणाऱ्याला वाटावे की इथे कधी काही घडलेच नाही.

उद्घाटनाला इद्रीस खैरुन्निसाला घेऊन आला. ती हळूहळू पायऱ्या चढली. खांबांना हात लावला. सगळे जागच्या जागी बघून तिचा चेहरा उजळला.

"माझी ट्रंक गाडीतून काढायला सांग," ती इद्रीसला म्हणाली.

"खाला, थांब जरा. आधी फीत कापू दे."

ती थांबली नाही. तिने दार ढकलले आणि सवयीने उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकले. समोर डांबरी जागा होती; मला ती दिसत नाही, ऐकून माहीत आहे. पांढरे पट्टे मारलेले होते आणि उन्हात गाड्या उभ्या होत्या. पलीकडे हॉटेलची नवी इमारत होती, माझ्याच रंगात रंगवलेली.

"माझी खोली कुठे होती ते तरी दाखव," ती म्हणाली.

इद्रीसला सांगता येईना. त्यालाही हे आधी कुणी सांगितले नव्हते. तो दाराची कडी धरून रडू लागला. तेवढ्यात समाधान पुढे आला. हॉटेलने त्याला देखभालीच्या कामावर ठेवून घेतले होते.

"इथं, आजी. ती पांढरी गाडी उभी आहे ना, तिथं."

तिने त्याला ओळखले. "तू तो सुतार. आणि मंडणगडचा कुठे आहे?"

समाधानने तिला खाली बसवले आणि सांगितले. काही लपवले नाही. ती पडवीच्या डाव्या टोकाला फरशीवर बसली, पाहुण्यांच्या खुर्चीला तिने हात लावला नाही. ओंजळ पसरून ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटली. हॉटेलमधून माणसे आली, फीत कापायची वेळ झाली होती, आजींना जरा बाजूला घ्या म्हणाली. इद्रीसने त्यांच्याकडे असे पाहिले की ती मागे सरली.

"माझ्या पडवीपायी गेला," ती म्हणाली.

"नाही आजी," समाधान म्हणाला. "असं नका म्हणू."

ती पुन्हा आली नाही. पुढच्या रमजानच्या आधी शारजाला ती वारल्याचे मला समाधानच्या बोलण्यातून कळले.

आता माझ्याविषयी थोडे सांगते. सिमेंटमुळे माझ्या अंगातली दमट हवा बाहेर पडत नाही. मीठ आतल्या आत दगड पोखरते आहे. रंगाखाली माझी भुकटी होते आहे. गेल्या वर्षी डाव्या टोकाला पुन्हा केसाएवढी चीर दिसली. समाधानने करामाला उपेंद्रच्या घरी फोन केला. उपेंद्रने ती कंपनी केव्हाच सोडली होती, तरीही तो आला. मोठी झालेली मिहिका बरोबर होती. त्याने चिरेवर बोट फिरवले, रंगाचा पोपडा काढून पाहिला आणि हॉटेलच्या नव्या मॅनेजरला समजावले की पडवी बंद करा, सगळे सिमेंट उतरवा, दगड सुकू द्या, मग चुना लावा.

"सीझन के बाद देखेंगे," मॅनेजर म्हणाला. "अभी बुकिंग फुल है."

परतताना मिहिकाने माझ्याकडे बघत विचारले, "बाबा, वॉज इट अ गुड हाउस?"

"तू जेवली आहेस इथे," उपेंद्र म्हणाला. "भाकरी आणि मासे. एका आजींनी केले होते."

तिला आठवत नव्हते. तो गाडीकडे चालू लागला.

सीझन संपला आणि दुसरा सुरू झाला. माझ्याकडे कुणी आले नाही, रंग मात्र नवा दिला. मित्रांनो, मला रंगाची हौस नाही. मला वाचवायचे असेल तर आतून सुकवा. ते जमत नसेल तर मला उतरवून ठेवा, मला वाईट वाटणार नाही. पण माझ्या चेहऱ्यासाठी आणखी कुणाचा जीव घालवू नका. एखादी जुनी इमारत जशीच्या तशी राखली आहे असे कुणी सांगितले, तर आत राहणारी माणसे कुठे गेली तेही विचारा.

समाधानने पडवीच्या डाव्या टोकाला मोठ्या मातीच्या कुंड्या आणून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या बाजूला कुणी बसणार नाही. फोटोला अडचण होते म्हणून मॅनेजर त्या हलवायला लावतो. सकाळी समाधान एकटाच त्या पुन्हा ओढत आणतो. तुम्ही कधी इथे आलात, तर त्या कुंड्यांना हात लावू नका.